‘आमचे नको, देवाचे आभार माना’

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंचे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. मंडळीतलं, म्हणजे त्यांच्या चर्चमधलं, एक जोडपं त्या काळात रात्रीची जागरणं, अंघोळ, दवाखान्याच्या फेऱ्या असं सगळं करत होतं, ना नात्याचं ना गोत्याचं. वडील गेले. आता ताई आभार मानायला गेल्या की दोघंही हात जोडतात, “आमचे नको, देवाचे आभार माना.” ताई जड मनाने परत येतात. त्यांनी विचारलंय: ख्रिस्ती माणसाने माणसांचे आभार मानावेत का, की त्यामुळे देवाच्या गौरवात वाटेकरी येतो? सेवा निरपेक्ष करायची असेल तर आभारांना जागा कुठे? पैसे दिले तर अपमान होईल का? हे ऋण फेडायचं कसं? आणि उपासनेत जाहीरपणे सांगावं का?

ताई, आधी सरळ उत्तर देतो: माना. तोंडाने माना, नाव घेऊन माना. मंडळीचा पाळक (पास्टर) म्हणून मला २६ वर्षं झाली. माणसांचे आभार मानल्यामुळे कोणाची देवभक्ती आटल्याचं मी पाहिलेलं नाही. “सगळं देवानेच केलं” म्हणत राबणाऱ्या माणसाकडे सोयीस्कर डोळेझाक झालेली मात्र पुष्कळदा पाहिली आहे, आणि ती करणाऱ्यांत मीही होतो. ते पुढे सांगतो.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे, रोमकरांस पत्र. त्याचा सोळावा अध्याय लोक सहसा वाचत नाहीत, कारण तिथे नुसती नावं आहेत. त्या यादीत प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपं येतं. तंबू बनवणारे, म्हणजे पौलाच्याच धंद्यातले. माझ्या जिवासाठी यांनी आपली मान पुढे केली, असं पौल लिहितो. नेमकं काय घडलं ते सांगत नाही. पण यांचे आभार मी एकटाच मानत नाही, परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, सगळ्या मंडळ्या मानतात, असं पुढे जोडतो. इथे ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते ‘युखरिस्तेओ’. पौल एरवी देवाचे आभार मानताना हेच वापरतो, आणि प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) ‘युखरिस्त’ म्हणतात तेही याच शब्दावरून. मराठीत आपण दोन खण करून ठेवलेत: देवाची उपकारस्तुती आणि माणसांचे आभार. पौलाला एकच शब्द पुरला, आणि तो या तंबूवाल्या नवरा-बायकोला लावताना देवाचं काही काढून घेतोय असं त्याला वाटलं नाही.

एरवी त्याची रीत थोडी वेगळी आहे. “मला तुमची आठवण होते तेव्हा मी देवाचे आभार मानतो,” असं तो पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो. आभार देवाचे, पण पत्र मोठ्याने वाचलं जाणार ते मंडळीसमोर. म्हणजे त्या लोकांच्या कानांवर ते पडणारच. तुमच्या त्या जोडप्याला ही पद्धत कदाचित पचेल. “तुमच्यासाठी मी रोज देवाचे आभार मानते” हे त्यांच्या तोंडावर म्हणून बघा. त्याला ते काय हरकत घेणार?

आता त्यांच्या वाक्याबद्दल. ते चूक बोलत नाहीत. लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) सतराव्या अध्यायात येशू एका दासाचं उदाहरण देतो. दिवसभर शेतात राबून आलेल्या दासाचे धनी आभार मानतो का? तसं तुम्हीही सगळं करून झाल्यावर म्हणा, आम्ही निरुपयोगी दास आहोत, जे करायचं होतं तेच केलं. ऐकायला कठोर आहे. पण त्याच अध्यायात, पुढच्याच ओळीपासून दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सुरू होते. दहा बरे झाले, एक परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका. आणि येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? एका श्वासात आभाराची अपेक्षा नको म्हणणारा हाच, आणि दुसऱ्या श्वासात नऊ जणांची विचारपूस करणाराही हाच. यात विसंगती दिसते ती आपण दोन्ही वाक्यं एकाच माणसाला सांगतो म्हणून. पहिलं वाक्य सेवा करणाऱ्याच्या तोंडचं आहे, त्याने ते स्वतःशी म्हणायचं. दुसरा प्रश्न ज्याला मिळालं त्याला आहे. मंडळीत घोळ होतो तो या दोघांची अदलाबदल झाली की. सेवा करणारा “नऊ कुठे गेले” म्हणत बसला तर कडवट होतो. आणि ज्याचं काम झालं तो राबणाऱ्याला “तू तर निरुपयोगी दास” असं सुचवू लागला, तर ते धर्माच्या भाषेतलं शोषण होतं. त्या जोडप्याने त्यांचं वाक्य म्हटलं. तुम्ही तुमचं म्हणा.

कसं म्हणायचं, हे यिर्मयाच्या पुस्तकातून शिकावं. यरुशलेमाला वेढा पडलेला, शहरात भाकरी संपत आलेली. संदेष्टा यिर्मया नको ते बोलतो म्हणून सरदारांनी त्याला दोरांनी एका हौदात सोडलं. हौदात पाणी नव्हतं, चिखल होता, आणि तो त्यात रुतला. राजवाड्यात एबद-मलेख नावाचा एक कूशी नोकर होता, परदेशी. तो थेट राजापाशी गेला, परवानगी मिळवली, माणसं घेतली. मग राजवाड्याच्या कोठारातून जुन्या फाटक्या चिंध्या काढल्या, दोरांनी खाली सोडल्या आणि वरून ओरडून सांगितलं: या काखेत ठेव, दोराच्या खाली. दोराने उपासमारीतल्या माणसाची काख सोलून निघेल, हे त्या घाईतही त्याच्या लक्षात आलं. नगर पडायच्या बेतात असताना, राजांची नावं आणि सैन्यांच्या हालचाली लिहिताना पुस्तकाने त्या चिंध्यांची नोंद ठेवली आहे. पुढच्या अध्यायात यिर्मया पहाऱ्याच्या चौकात अडकलेला असताना देव त्याच्याकरवी या नोकराला निरोप पाठवतो: शहर पडेल, पण तू तरवारीने पडणार नाहीस.

“तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत” हे वाक्य कोणालाही चालतं, म्हणून ते कोणालाच लागत नाही. चिंधी शोधा. वडिलांना कूस बदलताना पाठीखाली कोणी हात घालायचं, औषधाची वेळ कोणी दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली होती, दाढी करताना त्यांच्याशी काय बोलायचे. असं एक काहीतरी सांगितलंत की समोरच्याला “देवाचे माना” म्हणणं अवघड जातं, कारण तुम्ही पाहिलं होतं हे त्याला कळतं.

आता ते डोळेझाकीचं. आमच्या मंडळीतल्या एका वृद्ध गृहस्थांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. एका सभासदाने आपल्या गाडीतून त्यांना न्यायचं-आणायचं अंगावर घेतलं. पहिल्याच महिन्यात मी उपदेशात त्याचं उदाहरण दिलं. चौथ्या महिन्यात पुन्हा दिलं. वर्ष झालं तेव्हा सभेत त्याला उभं केलं, टाळ्या झाल्या. त्या दिवशी सगळे गेल्यावर त्याची बायको दारापाशी थांबली होती. म्हणाली, “कौतुक पुरे झालं. दुसरा ड्रायव्हर शोधा.” मग शांतपणे सांगितलं की धाकट्याला शाळेत ‘माझं घर’ काढायला सांगितलं होतं. त्याने आई काढली, ताई काढली, आणि बाबा रस्त्यावर गाडीत बसलेला काढला.

मला उत्तर सुचलं नाही. वर्षभरात मी त्या माणसाला ‘जमतंय का’ एवढंही विचारलं नव्हतं. कौतुक करायला मला काहीच पडत नव्हतं. पाळीपत्रक करायचं तर लोकांना फोन करावे लागले असते, नकार ऐकावे लागले असते. दोन संध्याकाळी बसून सहा नावं जमवली. त्याने गुरुवार तेवढा स्वतःकडे ठेवला. म्हातारबुवांशी गप्पा मारायची त्याला सवय लागली होती.

त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय मी वेगळ्या नजरेने वाचला. पौल कैदेत. फिलिप्पैच्या मंडळीने त्याच्यासाठी मदत पाठवली ती एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती, आणि तो तिथेच राहून पौलाची गरजही भागवणार होता. पण तो आजारी पडला, मरणाच्या दारापर्यंत गेला. गावी ही बातमी पोचली आणि आपल्यामुळे तिकडे लोक काळजीत पडले म्हणून हा बेचैन. पौलाला त्याची गरज होती, हे उघड आहे. तरी तो त्याला परत पाठवतो. आणि नुसता पाठवत नाही, सोबत लिहूनही देतो: याला आनंदाने घरात घ्या, अशांचा मान राखा, याने ख्रिस्ताच्या कामासाठी जिवावर उदार होऊन हे केलं. हे लिहिलं नसतं तर काम अर्धवट टाकून आला, अशी कुजबुज झालीच असती. आभार मानणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला शास्त्रात सापडलेलं नाही: दमलेल्याला मोकळं करणं, आणि मोकळं करताना त्याची अब्रू राखणं. एपफ्रदीताच्या त्या कामाला पौल जो शब्द वापरतो, ‘लितुर्गिया’, त्याच्यावरूनच पुढे उपासनाविधीला लिटर्जी म्हणू लागले. मदत पोचवणं, आजारपण काढणं, परत जाणं, हे सगळं त्या शब्दात आहे.

सहाव्या शतकात इटलीतल्या संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियम घालून दिले, त्यात हे शहाणपण आहे. स्वयंपाकघरातली सेवा आठवड्याच्या पाळीने. शनिवारी, पाळी संपणारा आणि पाळी सुरू होणारा असे दोघं मिळून सगळ्यांचे पाय धुतात. अशक्त असेल त्याला मदतनीस द्यायचा. रविवारी प्रार्थनागृहात मोकळा होणारा देवाचे आभार मानतो आणि नवा मदत मागतो. सेवेला तिथे शेवटची तारीख आहे. आमच्या मंडळ्यांत सेवेला शेवट असतो तो बहुतेक वेळा आजारपणाचा नाहीतर भांडणाचा.

त्यागाचं सांगायचं तर मला इस्राएलाचा राजा दावीद याची एक गोष्ट बरीच वर्षं आवडत नसे. तो अदुल्लामाच्या गुहेत, त्याच्या गावात, बेथलेहेमात, शत्रूचं म्हणजे पलिष्ट्यांचं ठाणं, कापणीचे दिवस. सहज म्हणून गेला, वेशीजवळच्या त्या विहिरीचं पाणी कोणी पाजेल का? तिघं उठले, शत्रूच्या छावणीतून घुसून पाणी घेऊन आले. आणि दावीदाने ते प्यायलं नाही, परमेश्वरापुढे ओतून टाकलं. मला वाटे, त्या तिघांना काय वाटलं असेल? जीव धोक्यात घालून आणलेलं पाणी जमिनीवर! पण दावीद म्हणतो, हे त्या माणसांचं रक्तच नाही का? मोशेच्या नियमशास्त्रात रक्त प्यायची बंदी आहे, ते पाण्यासारखं जमिनीवर ओतायचं असतं. म्हणजे दावीद पाण्याची किंमत कमी करत नव्हता. त्याने ती बरोबर ओळखली होती, आणि आपल्या घशाच्या कोरडेपणापेक्षा ती फार मोठी आहे हे जाहीर केलं. माझी कल्पना अशी की त्यानंतर माणसांसमोर तो जपून तहानला असेल. ज्यांच्या शब्दाला वजन असतं, मग ते पाळक असोत, घरातली मोठी माणसं असोत की रोगी स्वतः असो, त्यांच्या सहज बोललेल्या इच्छेपायी दुसऱ्याची झोप जाते.

म्हणूनच “आपापला वधस्तंभ उचला” हे वाक्य थकलेल्या शुश्रूषा करणाऱ्यांना सांगितलं जातं तेव्हा मी मधे बोलतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. आपण होऊन नसेल तर त्याला त्याग म्हणू नये. दुसऱ्याच्या खांद्यावर सक्तीने वधस्तंभ दिल्याची एक घटना शुभवर्तमानांत आहे, येशूचा वधस्तंभ वाहायला लावलेल्या कुरेनेकर शिमोनाची, आणि ती सक्ती रोमी शिपायांनी केली होती.

पैशाबद्दल. पौलाने पैसे घेतले, आणि चक्क पावती दिली. फिलिप्पैकरांना तो चौथ्या अध्यायात लिहितो की मला सगळं भरून पावलं. तिथला ग्रीक शब्द त्या काळच्या व्यवहारातल्या पावत्यांवर सापडतो. त्या जगात उपकार ही मोठी भानगड होती. कोणी काही दिलं की तुम्ही त्याचे मिंधे. पौलाचा समकालीन रोमी तत्त्वज्ञ सेनेका याने द्यावं कसं आणि घ्यावं कसं यावर सात भाग लिहिले, इतका तो गुंता. पौल काय करतो? आधी हिशेबाची भाषा वापरतो, जमा-देणं, आणि मग एकदम वेदीची भाषा: ही तुमची भेट म्हणजे सुगंध, देवाला आवडणारा यज्ञ. फेड कोण करणार? “माझा देव तुमची गरज पुरवील.” मिंधेपणाचा दोर तो असा मधूनच कापतो, आणि घेतल्याची लाज उरत नाही.

तेव्हा पैसे देणं अपमान नाही, पण मजुरीसारखे देऊ नका. त्यांच्या खिशातून पेट्रोल, औषधं, रिक्षा असा खर्च झाला असेल तर तो आधी आणि वेगळा द्या. ते ऋण नाही, ती उधारी आहे, आणि उधारी आध्यात्मिक शब्दांनी बुडवू नये. रात्रपाळीला पगारी माणूस ठेवला होतात का, हेही आठवा. असेल तर त्याचा पगार झाला म्हणून त्याचे आभारही झाले, असं नाही. त्याचं नाव या सगळ्यात कोणी घेतलेलं नसतं.

बाकीच्या फेडीबद्दल बर्जिल्लयाची गोष्ट वाचा. दावीद मुलाच्या बंडामुळे पळत होता तेव्हा या श्रीमंत म्हाताऱ्याने त्याच्या माणसांना बिछान्यापासून धान्यापर्यंत सगळं पुरवलं. बंड मोडल्यावर दावीद म्हणाला, यरुशलेमेला चल, मी तुला सांभाळतो. म्हाताऱ्याने हसून टाळलं असेल असं मला वाटतं: माझं वय ८०, मला अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, कशाला तुला भार? मला माझ्या गावात आईबापांच्या कबरीजवळ मरू दे. हा किम्हाम आहे, याला ने. दावीदाने आग्रह केला नाही. “तुला बरं वाटेल ते मी याच्यासाठी करीन.” आणि पुढे मरताना आपल्या मुलाला, शलमोनाला, सांगून ठेवलं की बर्जिल्लयाच्या मुलांना आपल्या पंक्तीला बसव. शेकडो वर्षांनी यिर्मयाच्या पुस्तकात बेथलेहेमाजवळ किम्हामाच्या नावाचा एक मुक्काम येतो. दावीदानेच ती जागा दिली असावी, असा काहींचा तर्क आहे. तुम्हीही त्या जोडप्याला काय द्यायचं हे घरी बसून ठरवू नका. त्यांच्या घरात किम्हाम कोण आहे ते बघा. मुलीला अभ्यासाला शांत खोली हवी असेल, म्हाताऱ्या आईजवळ रविवारी दोन तास बसणारं कोणी हवं असेल. तुम्ही दोन वर्षं शुश्रूषा जवळून पाहिली आहे, हे काम तुम्हाला येतं.

काही ऋणं फिटतच नाहीत. १९४१ साली आउश्वित्झच्या छळछावणीत एक कैदी पळाला, म्हणून दहा जणांना उपाशी मारायला निवडलं. त्यातला फ्रांचिशेक गायोव्निचेक बायकामुलांच्या नावाने रडला, आणि मॅक्सिमिलियन कोल्बे हे पोलिश धर्मगुरू रांगेतून पुढे येऊन म्हणाले, याच्याजागी मला घ्या. १४ ऑगस्टला त्यांना इंजेक्शन देऊन मारलं. गायोव्निचेक वाचला, पण त्याचे दोन्ही मुलगे युद्धात गेले. ज्या मुलांसाठी तो रडला होता, तीच राहिली नाहीत. १९८२ मध्ये कोल्बेंना संत घोषित केलं तेव्हा तो तिथे हजर होता, आणि १९९५ मध्ये, ९३ व्या वर्षी वारला. मधली सगळी दशकं तो ही हकिगत सांगत राहिला. दुसऱ्याने दिलेलं आयुष्य तो मुकाट्याने नाही जगला, एवढंच त्याच्या हातात होतं.

जाहीर सांगायचं का? त्यांना विचारा. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हा नियम देणाऱ्यासाठी आहे, त्यामुळे तुम्हाला बोलायला बंदी नाही. पण त्यांना अवघड होणार असेल तर मंडळीत उभं करू नका. टाळ्यांचं काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

पत्र लिहा, हाताने, एक पानभर. चिंधीपासून सुरुवात करा. खाली वडिलांचं नाव लिहा, कारण आभार त्यांचेही राहिलेत आणि ते आता लिहू शकत नाहीत. घेऊन गेलात की ते दोघं पुन्हा तेच म्हणतील, देवाचे माना. म्हणू द्या. चहा घ्या, आणि निघताना पत्र तिथेच ठेवून या.